भरल्या पोटाची दुपार

"हलवू नका ताई, काटा थरथरतोय," कंपनीचा सुपरवायझर सुनील म्हणाला आणि रेश्माने टोपलीवरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

टोपलीत तिच्या पोल्ट्री शेडमधले पाच-सहा पक्षी दाटीवाटीने बसले होते. पांढरेशुभ्र, जाड पायांचे. सकाळचीच वेळ, तरी त्यांच्या चोची किंचित उघड्या होत्या. काटा स्थिर झाला. सुनीलने मान तिरकी करून आकडा पाहिला, मोबाईलमध्ये टाकला आणि सवयीप्रमाणे आधी गोड बोलून घेतलं.

"छान वजन आहे. खरंच छान आहे."

"पण?"

"पण काही नाही हो. मालनताईंचे पक्षी जरा पुढं आहेत, एवढंच. त्यांचा हातच तसाय."

मालन शेडच्या दारातच उभी होती. रेश्माची थोरली जाऊ. कडेवर रेश्माचीच दीड वर्षाची ईशू, मालनच्या गळ्यातली पोत तोंडात घालून चघळत होती. आईच्या कडेवर घटकाभर न टिकणारी ती पोर मालनकडे मात्र देवळातल्या मूर्तीसारखी गप्प बसायची.

"हात कसला आलाय सर," मालन म्हणाली, पण पदर नीट करायला विसरली नाही. "पाखराला पाखरू समजून वागवायचं. आमची रेश्मा त्याला पुस्तक समजून वागवती. काय गं?"

सुनील हसला. रेश्माही हसली, न हसून करते काय. पण दिवसभर ते हसू दाताखालच्या खड्यासारखं अडकून राहिलं.

वस्ती राहुरीच्या खालच्या अंगाला, कालव्याच्या कडेला होती. घर एक, चूल एक आणि शेजारीशेजारी दोन शेड. पहिलं मालनकडे, दुसरं रेश्माकडे. कंपनी पिल्लं द्यायची, खाद्य द्यायची, औषधं द्यायची आणि पक्षी वाढले की गाडी लावून घेऊन जायची. लग्न होऊन आली तेव्हा रेश्माला वाटलं होतं, आपण संगमनेरला बी.एस्सी. केलंय, जीवशास्त्र शिकलोय, आपल्याला काय अवघड! पक्ष्यांचा पहिला लॉट गेला, दुसरा गेला. दर वेळी तिचं वजन चांगलं आणि मालनचं त्याहून चांगलं. हे 'त्याहून' तिच्या संसाराला चिकटूनच आलं होतं. मालनची भाकरी त्याहून पातळ. मालनची पोरं लहानपणी त्याहून गुटगुटीत. अंगणवाडीत ईशूला वजनाच्या झोळीत बसवलं, तेव्हासुद्धा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मालनचा पोरगा ह्या वयात उचलायला दोन माणसं लागायची."

कोणी वाईट बोलत नव्हतं. तेच तर अवघड होतं. वाईट बोललं असतं तर भांडता आलं असतं.

यंदा त्यात तिसऱ्या शेडची भर पडली. कालव्याच्या बाजूला तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, नव्या शेडचा पाया घातला होता. चारही बाजूंनी बंद, एका टोकाला माणसाएवढे पंखे, दुसऱ्या टोकाला पाण्याने भिजणाऱ्या जाळ्या. बाहेर आग पेटली तरी आत गारवा. त्याला सगळे पंख्याचं शेड म्हणत. एवढं मोठं काम दोघींत वाटून चालणार नव्हतं. एका रात्री जेवता जेवता तात्यांनी निकाल लावून टाकला, "ह्या लॉटला जिची पाखरं भारी, तिच्या हाती पंख्याचं शेड. मागनं कुनी कुरकुर करायची न्हाई."

रेश्माने नवऱ्याला, गोरक्षला, आपली कारणं सांगितली होती. नव्या मशिनीला शिकलेलं माणूस पाहिजे. ईशूला घामोळं येतं, तिला जवळ ठेवून गारव्यात काम करता येईल. कारणं खोटी नव्हती. पण त्यांच्याखाली एक कारण होतं, ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं: मालनने एकदा तरी दारात उभं राहून आपल्या शेडकडे बघावं, जसं आपण तिच्या शेडकडे बघतो तसं.

उन्हाळ्यात कोंबड्यांचा एक नियम असतो आणि तो त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ऊन तापायच्या आत खाद्याची भांडी वर ओढायची, ती उन्हं कलेपर्यंत खाली सोडायची नाहीत. दुपारभर पक्ष्यापुढे फक्त पाणी. पोटात दाणा पडला की तो जिरवताना अंगात ऊब धरते, आणि या जातीला घाम नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, पंख अंगापासून दूर धरायचे, एवढाच त्याचा उपाय. जितका पक्षी भारी तितकी त्याची तगमग जास्त. रेश्माला हे मालनइतकंच ठाऊक होतं, वर त्यामागची कारणंही ठाऊक होती.

पण तिच्या मनात दुसरंच गणित चाललं होतं. मालनचे पक्षी दुपारभर उपाशी, आपलेही दुपारभर उपाशी. मग आपण पुढे जायचं ते कुठून?

वजन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, वस्तीवर सामसूम असताना ती शेडमध्ये गेली. भांड्यांच्या प्रत्येक रांगेला वरून तार होती आणि ती तार भिंतीवरच्या हातचाकाला जोडलेली होती. चाक फिरवलं की सगळी रांग वर, उलटं फिरवलं की खाली. तिने एकच रांग सोडली. आधी पक्ष्यांनी नुसतं बघितलं. मग एक उठला, दुसरा उठला आणि टकटक चोची वाजायला लागल्या. ती तिथेच थांबली. फॉगरचं पाणी धुक्यासारखं अंगावर येत होतं, बाजूच्या ओल्या गोणपाटांतून थोडा वारा येत होता. काही झालं नाही. घटकाभराने तिने रांग वर ओढली. परत घरी जाताना तिला चोरून चिंच खाल्ल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दोन रांगा. काही झालं नाही. वारा चांगला होता, लाईट होती, पत्र्यावर अंथरलेलं उसाचं पाचट भिजलेलं होतं. काही झालं नाही, याचाच तिला धीर येत गेला.

पुढच्या खेपेला सुनील आला, काटा टांगला, आणि या वेळी त्याला गोड बोलून घ्यायची गरज पडली नाही. "अरे वा! रेश्माताई, मालनताईंच्या बरोबरीला आलात की तुम्ही. असंच राहिलं तर गाडी येईपर्यंत पुढं जाल."

मालनने काटा स्वतः वाकून पाहिला. मग सरळ झाली, ईशूला या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"पान्यात काय घालतीस गं?"

"गूळ," रेश्मा म्हणाली. "आणि लिंबू."

"मी बी गूळच घालती."

"मग काय माहीत बाई," रेश्मा म्हणाली. "हात असेल."

मालन ईशूला खाली ठेवून आपल्या शेडकडे चालू लागली. तिच्या त्या पाठमोऱ्या चालीकडे रेश्मा डोळे भरून बघत राहिली. त्या दिवशी तिने स्वयंपाकाला पुरण घातलं. गोरक्षने विचारलं, "आज काय सण हाय?" तर म्हणाली, "सहज."

गाडी यायला एकच दिवस उरला होता. त्या दिवशी सकाळपासून पान हलत नव्हतं. कालव्याकडेची शेवरीसुद्धा चित्रातल्यासारखी उभी. तात्या आणि गोरक्ष पंख्यांची चौकशी करायला राहुरीला गेले होते. मालनचा नवरा ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्याच्या वावरात गेला होता. मालन सकाळीच रेश्माच्या शेडवरून जाता जाता म्हणून गेली होती, "आज वारं पडलंय. सांभाळून गं." रेश्माला वाटलं, भ्यायली. उद्या काट्यावर काय होणार ते कळलंय तिला.

दुपारी तिने सगळ्या रांगा खाली सोडल्या. शेवटचाच दिवस, आज खाल्लेलं उद्या काट्यावर दिसणार. पक्षी तुटून पडले.

मग ती घरात आली ईशूला भरवायला. ईशू उन्हाने मलूल झाली होती, घास तोंडात घेऊन थुंकत होती. "नको म्हणती तर ऱ्हाऊ दे, पानी पाज," सासूबाई म्हणाल्या. पण रेश्माला अंगणवाडीतली वजनाची झोळी दिसत होती. ती घास देत राहिली. पोर रडली, थुंकली, शेवटी रडत रडतच आईच्या मांडीवर झोपेला आली. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा मंद झाला आणि थांबला.

लाईट गेली होती. लाईट गेली म्हणजे फॉगर बंद, पत्र्यावरचं पाणी बंद. रेश्माला हे कळलं. पण मांडीवरच्या पोरीचा डोळा आत्ता कुठे लागत होता. उठलं की जागी होणार, मग संध्याकाळपर्यंत किरकिर. येईल आत्ता, ती स्वतःशी म्हणाली. नेहमी येते. ती पदराने पोरीला वारा घालत बसली. लाईट आली नाही.

पोर झोपायच्या झोळीत टाकून ती शेडमध्ये आली तेव्हा आतली हवा तोंडावर ओल्या कांबळ्यासारखी बसली. ओली गोणपाटं चारी बाजूंनी खाली लोंबत होती आणि आतली वाफ आतच कोंडली होती. पक्षी पंख पसरून जमिनीवर अंथरलेल्या तुसावर चपटे बसले होते. सगळ्यांच्या चोची उघड्या, माना पुढे काढलेल्या. तुरे लालचे काळपट झालेले. आधी गेले ते सगळ्यांत थोराड. तिच्या पायापाशीच एक उडाला, पाठीवर पडला, दोनदा पाय झाडले आणि थांबला. मग पलीकडे एक. मग भिंतीपाशी तीन-चार एकदम.

हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. भांडी खाली होती, येणाऱ्याला दिसली असती; आणि ती ओढत बसायला वेळ नव्हता.

तिने गोणपाटं वर गुंडाळायला घेतली. पिंपातलं पाणी बादलीने काढून पक्ष्यांवर शिंपडू लागली. एका बाजूला पाणी मारावं तर दुसऱ्या बाजूला पक्षी उलटे पडत. ती रडत नव्हती. "ऊठ ना, ऊठ ना," असं काहीतरी ती पुटपुटत होती, ईशूला ताप आला की पुटपुटायची तसंच.

"तुज्या शेडातल्या पाखरांचा आवाज बंद झाला." दारातून मालनचा आवाज आला. ती डोक्यापासून ओली होती, आपल्या पक्ष्यांवर पाणी मारत होती तिथूनच धावत आली होती. "आगं उभी काय ऱ्हातीस! मधनं चाल, उठीव त्यांना. बसू दिऊ नको, खालची ऊब निघू दे. चाल!"

ती बोलता बोलता थबकली. तिने भांड्यांकडे पाहिलं. एका रांगेकडे, दुसऱ्या रांगेकडे, शेवटपर्यंत. मग रेश्माकडे. रेश्माने नजर खाली घातली नाही. एवढं एक तिने केलं.

मालन भिंतीपाशी गेली आणि हातचाक फिरवायला लागली. एक रांग वर गेली, दुसरी गेली. शेवटच्या चाकाला तिचे ओले हात सटकत होते, तर तिने पदर गुंडाळून धरलं. खाली दाणे सांडले होते, त्यांवर तिने पायाने तूस ओढलं.

"भांडी वरच हुती," ती धापा टाकत म्हणाली. "कुनी इचारलं तर सकाळधरनं वरच हुती. काय?"

रेश्माने बादली उचलली.

पुढचा सगळा वेळ दोघी पक्ष्यांमधून फिरत राहिल्या, पाय न उचलता, घासत घासत. मालनने मध्येच सासूबाईंना हाक मारून आपल्या शेडमध्ये फिरायला धाडलं. दिवस कलता कलता तात्या, गोरक्ष आले, लाईट आली आणि मग, जसं काही घडलंच नाही असा, कालव्यावरून वारा सुटला. वाचलेले पक्षी उठले, पाण्याला लागले. बाकीच्यांची दाराशी रास झाली होती. मालनच्या शेडमध्येही मेले होते, पण ते एका घमेल्यात मावले.

सुनील मोटारसायकलवरून आला तो हेल्मेट न काढताच आत शिरला. राशीतला एक पक्षी उचलून त्याने मानेखालची दाण्याची पिशवी बोटांनी दाबली. पुन्हा दाबली.

"हे तर भरलेलं आहे. दुपारी खाद्य चालू होतं का?"

"न्हाई सर," मालन लगेच म्हणाली. "सकाळीच भांडी वर वढली. मी सोता हुते हितं."

"मग पिशवी कशी भरलेली?"

"पहाटंचं आसंल. आसल्या उन्हात पाखराला पचतंय व्हय? लाईट गेली, वारं पडलं, त्याला रेश्मा तरी काय करनार?"

सुनीलने हातातल्या पक्ष्याकडे पाहिलं, मालनकडे पाहिलं. मग पक्षी राशीत टाकला. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल, ताई."

"मालन खोटं न्हाई बोलायची," तात्या म्हणाले.

झालं. संपलं होतं. सगळा दोष लाईटवर गेला होता. गोरक्षने सुटकेचा श्वास टाकलेला रेश्माने ऐकला. तिने फक्त गप्प राहायचं होतं. पण तिला दिसत होता सुनीलचा हात. पुरावा त्याच्या बोटांत होता आणि तो त्याने खाली टाकला, का, तर मालन म्हणते. मालनचं खोटंसुद्धा रेश्माच्या सगळ्या खऱ्याहून वजनदार होतं. आणि आता ते खोटं आयुष्यभर तिच्यावर उपकार म्हणून राहणार होतं. रोज भाकरी वाढताना, रोज ईशूला उचलून घेताना, एक शब्दही न काढता.

"खोटं बोलतायत त्या," रेश्मा म्हणाली.

सगळे वळले.

"भांडी खाली होती. सगळ्या रांगा. मी सोडल्या. रोजच सोडत होते थोड्या थोड्या, म्हणून तर वजन वाढलं. ताईंनी नंतर येऊन वर ओढल्या."

तात्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि ते बाहेर गेले. सुनील मोबाईल बघायला लागला. "आगं पन का?" गोरक्ष म्हणाला. "म्हाईत हुतं ना तुला?" त्याला द्यायला तिच्याकडे उत्तर होतं, पण ते चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं.

गोरक्ष शेडामागे खड्डा खणायला गेला. दोघी जावा मेलेले पक्षी गोणीत भरत बसल्या. मालन म्हणाली,

"लई खरं बोलनारी झालीस. माजं तोंड पाडलंस चार लोकांत."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं खोटं बोलायला?"

"आगं, तुज्यासाठी बोलले ना मी!"

"तेच नको होतं."

मालनचा हात थांबला. "म्या केलेली मदत बी खपत न्हाई व्हय तुला?"

"नाही खपत."

यावर मालन भडकेल असं रेश्माला वाटलं. पण ती हसली, नाकातून, कडवट. "बराय. मग मी बी सांगती. सुनील सरनी तुज्या वजनाचं कवतिक केलं ना, त्या दिशी तुजी पुरनपोळी माज्या घशाखाली उतरली न्हाई. तुला कालेज हाय, तुला स्कुटी येती, बँकेत जायचं तर तात्या तुला हाक मारत्यात. मला हे एकच हुतं. त्यात बी तू."

रेश्मा तिच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं एका चुलीचं खाऊन तिला हे कधी दिसलं नव्हतं. गोणीच्या तोंडाशी असलेला एक पक्षी मालनने पायांना धरून उचलला, दुसऱ्या तळव्यावर तोलला, थोडा वर-खाली केला.

"भारी हाय," ती म्हणाली. "माज्या पाखरापरीस भारी हाय. खरं सांगती."

आणि रेश्माला, त्या राशीपाशी बसलेली असताना, क्षणभर बरं वाटलं. इतकं बरं, की तिने घाईघाईने तोंड फिरवलं.

"धर," मालन म्हणाली.

रेश्माने गोणीचं आपल्याकडचं टोक धरलं. दोघींनी उचलली. गोणी मध्येच झुकून जमिनीला घासत होती, खड्डा शेडाच्या पार पलीकडे होता आणि दोघींनाही दम लागला होता. पण "टेकव जरा" असं दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.